तिसरा टीव्ही घेण्याआधी एकदा मीटर लावा: कासूच्या कॅराव्हॅनची गोष्ट



मागचा व्हिडिओ कासूला, हायवेच्या कडेला उभं राहून केला होता. ट्रकच्या आवाजात अर्धं बोलणं वाहून गेलं, अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. तक्रार खरी आहे. म्हणून ती सगळी गोष्ट इथे आकड्यांसकट लिहितो.

ज्यांना कासू माहीत नाही त्यांच्यासाठी: पनवेल-रोहा रेल्वेवर पेण आणि नागोठणे यांच्यामधलं स्टेशन. मुंबई-गोवा महामार्ग बाजूनेच जातो. वडखळला अलिबागची गर्दी उजवीकडे वळली की पुढे कोकणात जाणारेच उरतात, आणि ते सगळे कासूवरून जातात. आपले एक दादा इथलेच. आधी लग्नाच्या वऱ्हाडाला ट्रॅव्हलर भाड्याने द्यायचे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा त्यांनी गाडीत झोपायची सोय, छोटं किचन, बारा व्होल्टचा फ्रीज आणि पुढच्या पार्टिशनवर २४ इंची टीव्ही बसवला. मुंबईची कुटुंबं चार-चार दिवस गाडी घेऊन श्रीवर्धन, गुहागरला जातात. (गाडीचे कागद, परवाना हा वेगळा विषय आहे, त्यात आज शिरत नाही.)

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. "सर, टीव्ही परत गेला. तिसरा घ्यायचाय. हिने बचत गटातून दहा हजार उचलायचं ठरवलंय. घेऊ ना?"

मी गडबडीत होतो. म्हटलं, "घ्या दादा, दहा हजारांसाठी मे महिन्याचं बुकिंग घालवू नका."

फोन ठेवला आणि चहा पिताना डोक्यात आलं, चौदा महिन्यांत दोन टीव्ही? घरातला टीव्ही आठ-दहा वर्षं चालतो. खड्ड्यांचा रस्ता धरला तरी हे गणित बसत नाही. आणि मी मात्र न बघता, न विचारता दुसऱ्याच्या खिशातले दहा हजार खर्च करून मोकळा झालो होतो. संध्याकाळी फोन केला, "दादा, थांबा. पैसे उचलू नका. मी रविवारी येतो."

आधी वहीत लिहून काढलं. पहिला टीव्ही ९,०००. तो बंद पडायला लागला म्हणून घरगुती वापराचा दुसरा ११,५००, त्यासाठी इन्व्हर्टर ३,२००. मेकॅनिकच्या फेऱ्या १,८००. दोन कस्टमरनी "जाहिरातीत टीव्ही लिहिला होता" म्हणून कापलेलं भाडं ४,०००. एकूण २९,५००. वहिनी शेजारी बसल्या होत्या. बेरीज बघून म्हणाल्या, "म्हणजे फ्रीजपेक्षा महाग पडला हा." त्यात एका कस्टमरने गुगलवर टाकलेला एक स्टारचा रिव्ह्यू धरलेलाच नाही.

मग मी एकच प्रश्न विचारला: नेमका कधी बंद पडतो?

"गाडी चालू असताना मस्त चालतो. रात्री गाडी लावली, सगळे जेवून बसले, की वीस-पंचवीस मिनिटांत जातो. लाल लाईट लुकलुकते, परत चालू होतो, परत जातो."

"आणि दुकानात नेल्यावर?"

"दुकानात दिवसभर चालतो सर. म्हणून तर तो म्हणतो बोर्ड अधूनमधून फॉल्ट देतोय, बदलून टाका."

मित्रांनो, इथेच थांबायला हवं होतं. दुकानात चालतो आणि गाडीत बंद पडतो, तर दोष दुकानात नेलेल्या वस्तूत असण्यापेक्षा गाडीत राहिलेल्या गोष्टीत असण्याची शक्यता जास्त. पण दुकानदार टीव्ही बघतो, गाडी बघत नाही. त्याचाही दोष नाही, त्याच्यासमोर टीव्हीच येतो.

कासूच्याच एका वायरमन मुलाला बोलावलं. साडेतीनशे रुपयांचा मल्टिमीटर. मागच्या सीटखालच्या बॅटरीवर इंजिन बंद असताना १२.४ व्होल्ट. लेड ॲसिड बॅटरी भरलेली असली आणि थोडा वेळ आराम मिळालेला असला तर १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. म्हणजे बॅटरी ठीक. मग पुढे टीव्हीच्या पिनवर मोजलं. तिथेही १२.४! दादा म्हणाले, "बघा, वायर पण बरोबर आहे."

नाही. ही सगळ्यात मोठी फसगत आहे. टीव्ही बंद असताना वायरमधून करंटच जात नाही, त्यामुळे व्होल्टेज पडत नाही. नळ बंद असताना पाइपमध्ये प्रेशर असतंच, नळ सोडल्यावर कळतं पाइप किती बारीक आहे. टीव्ही चालू करून मोजलं तर ११.२. तेवढ्यात फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि मीटर ९.५ वर आला. टीव्ही गेला. लाल लाईट लुकलुकली.

पार्टिशनची फळी काढली तर आत ०.७५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर. गाडी बनवणाऱ्याने ती फक्त टीव्हीसाठी टाकली होती, नंतर कोणीतरी फ्रीज त्याच वायरवर जोडला. बॅटरीपासून पुढे सहा मीटर, परत येतानाचे सहा, म्हणजे बारा मीटर. या जाडीच्या तांब्याचा रोध मीटरला साधारण ०.०२५ ओहम, म्हणजे बारा मीटरला ०.३. वर खाडीकडच्या खाऱ्या हवेने हिरवे पडलेले दोन जोड. टीव्हीचे ३ अँपिअर आणि फ्रीजचे ५, एकूण ८. गुणाकार करा, अडीच व्होल्टच्या वर वाटेतच गेले. गाडी चालू असताना अल्टरनेटर १४ देतो, त्यातून अडीच-पावणेतीन गेले तरी सव्वाअकरा उरतात, म्हणून टीव्ही चालतो. इंजिन बंद झालं की खेळ संपला.

दुसऱ्या टीव्हीचंही तेच. त्याचा इन्व्हर्टर पुढे टीव्हीजवळ बसवलेला, त्याच बारीक वायरवर. तो कमी व्होल्टेजला सारखा टीं-टीं करून बंद-चालू व्हायचा. शिवाय स्वस्तातला, चौकोनी लाटेचा. अशा सप्लायवर टीव्हीचा पॉवर बोर्ड तापतो. मागचं झाकण त्या मुलाने उघडलं तेव्हा दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले. (हे घरी करू नका. प्लग काढल्यावरही पॉवर बोर्डात चार्ज राहतो. आणि जुना काचेच्या नळीवाला टीव्ही असेल तर अजिबातच नाही.)

दुरुस्ती काय केली? टीव्हीला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, बॅटरीजवळच ५ अँपिअरचा फ्यूज. फ्रीजला वेगळी वायर, वेगळा फ्यूज. जोड पिळून टेप न लावता लग दाबून घेतले. खर्च मजुरीसकट १,४५० रुपये. माळ्यावर टाकलेला पहिला, "मेलेला" टीव्ही खाली काढला, पुसला, लावला. फ्रीज चालू असताना पिनवर ११.९. रात्री साडेअकरापर्यंत चालला. बचत गटातले दहा हजार उचलावे लागले नाहीत.

आता गोष्ट इथे संपवली असती तर छान झालं असतं, पण जुलैमध्ये तोच टीव्ही खरोखर गेला. आवाज येतो, चित्र नाही. या वेळी दादांनी मला फोन करण्याआधी स्वतः मीटर लावला, १२.१ होते. मग अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारला, तर आत पुसट चित्र हलताना दिसलं. म्हणजे मागच्या एलईडी पट्ट्या गेल्या. उभ्या रेघा आल्या असत्या तर पॅनेलचं काम, जे सहसा परवडत नाही. पट्ट्या बदलता येतात, पण जुन्या टीव्हीत आज एक पट्टी, उद्या दुसरी. घरात चाललं असतं. भाड्याच्या गाडीत, गणपती जवळ आलेले असताना, नाही. या वेळी मीच म्हटलं, बदला.

घेताना मात्र नीट घेतला. मागे स्वतंत्र ॲडॉप्टर असलेला, ज्यावर "१२ व्होल्ट, ३ अँपिअर" लिहिलंय असा. म्हणजे इन्व्हर्टरची भानगडच नाही. पण थेट बॅटरीवरही नाही जोडला. अल्टरनेटर कधी १४.४ देतो, कधी बॅटरी ११.८ वर येते, म्हणून मध्ये आत काहीही आलं तरी बाहेर बारा देणारा छोटा डीसी कन्व्हर्टर टाकला. पिनची जाडी तपासा, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पिना आतून २.१ आणि २.५ मिलिमीटरच्या असतात, चुकीची ढिली बसते आणि खड्ड्यात टीव्ही बंद. भिंतीचा स्टँड घरगुती चालेल, पण नट नायलॉनवाले आणि मध्ये रबराचे वॉशर. स्क्रीन ड्रायव्हरला दिसणार नाही अशीच बसवा. आकाराचं म्हणाल तर २४ इंचच पुरे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून मोठा घ्यायचा मोह होतो. गाडीत तो मोह बॅटरी खातो.

चॅनेल कुठून? दूरदर्शनचं जुन्या अँटेनावरचं प्रक्षेपण आता जवळपास सगळीकडे बंद झालंय. घाटात मोबाइलचं नेट जातं. दादांनी डीडी फ्री डिशची छत्री ठेवलीय, महिन्याचा खर्च शून्य. कासूहून उपग्रह आग्नेयेला, साधारण ५८ अंश वर. डोंगर आड येत नाही, आंब्याचं झाड येतं. गाडी झाडाच्या सावलीत लावायची की बातम्या बघायच्या, हे कस्टमरने ठरवायचं. जोराच्या पावसात चित्र जाणारच, तेही त्यांनी बुकिंगच्या मेसेजमध्ये आधीच लिहून ठेवलंय. त्यामुळे भांडण होत नाही.

जुने दोन्ही टीव्ही? एक एक्स्चेंजमध्ये गेला. फुगलेल्या कपॅसिटरवाला भंगारात द्यायला निघाले होते, वहिनींनी अडवलं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच द्यायचा असतो. पेणला फेरी होईल तेव्हा चौकशी करणार आहेत. तोवर तो माळ्यावरच.

परवा गेलो तेव्हा वहिनींनी डिझेलची वही दाखवली. प्रत्येक ट्रिपच्या तारखेपुढे किलोमीटर, लिटर, आणि आता एक नवा रकाना: "टीव्ही पिन, फ्रीज चालू". १२.०, १२.१, ११.९, १२.०. शेवटच्या ओळीत ११.६ होतं, त्याला लाल पेनने गोल केलेला. "जोड सैल झाला असणार," म्हणाल्या, "उद्या सकाळी त्या मुलाला बोलावलंय, शनिवारची गाडी आहे."