साखर खाल्ली, तरी थरथर थांबेना!

संकष्टीचा दिवस. सासूबाईंनी सकाळी चहाबरोबर मधुमेहाची गोळी घेतली. खिचडीसुद्धा नको म्हणाल्या, चंद्रोदयालाच जेवीन म्हणाल्या. अकराच्या सुमारास त्यांचे हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. सून हुशार. शुगर कमी झाली हे तिने लगेच ओळखलं. साखरेचं पाणी दिलं, गुळाचा खडा तोंडात घातला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, थरथर काही थांबेना. असं का व्हावं?

मैत्रिणींनो, हा प्रसंग कुणाच्याही घरात घडू शकतो. सुनेचं काहीच चुकलेलं नाही. उत्तर दडलंय ते त्या गोळीत.

आधी आपल्या पोटात डोकावू या. भाकरीचा घास बराच वेळ चावला की तो गोडसर लागतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. भाकरीतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर, म्हणजेच एन्झाइम, ही माळ तोडू लागतं. पुढे स्वादुपिंडातून येणारं अमायलेज तिचे आणखी तुकडे करतं. पण एकेक मणी सुटा करण्याचं शेवटचं काम लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावरची विकरं करतात. त्यांना अल्फा-ग्लुकोसिडेज म्हणतात. मणी सुटा झाल्याशिवाय तो रक्तात जात नाही.

आपली रोजची साखर तरी कुठे सुटी असते? तिच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी असते. ही जोडीही याच विकरांना तोडावी लागते. गुळातही मुख्यतः तीच साखर.

जेवणानंतर शुगर एकदम वर चढते, तर या विकरांचा वेग थोडा कमी केला तर? शास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. जर्मनीतल्या बायर कंपनीच्या संशोधकांना मातीतल्या एका जिवाणूपासून अकार्बोज मिळालं. ते 1990मध्ये जर्मनीत औषध म्हणून आलं. जपानमध्ये 1994मध्ये व्होग्लिबोज आलं. ही औषधं विकराला अडवून धरतात. मग भात-पोळीतली साखर रक्तात जाते, पण सावकाश. 2002 साली एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांपैकी अकार्बोज घेणाऱ्या 32 टक्के लोकांना पुढे मधुमेह झाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण 42 टक्के होतं.

आता पुन्हा सासूबाईंकडे वळू. ही औषधं एकटी घेतली तर शुगर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. पण आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज ही तिन्ही औषधं एकाच गोळीत सर्रास मिळतात. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात अन्न नसेल तर शुगर घसरते. अशा वेळी आपण साखर देतो, पण ती तोडणारं विकर त्याच गोळीतल्या व्होग्लिबोजनं अडवलेलं असतं! म्हणून साखरेचा गुण यायला उशीर लागतो.

मग उपाय काय? साधी ग्लुकोज पावडर. तिचे मणी आधीच सुटे असतात, त्यांना विकराची गरजच नाही. तीन-चार चहाचे चमचे पावडर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी शुगर तपासा, 70च्या खाली असेल तर पुन्हा द्या. बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्या आणि डॉक्टरांना कळवा. रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखाना गाठा. आणि हो, ग्लुकोज बिस्किटांच्या नावावर जाऊ नका. त्यांत मैदा आणि साखरच जास्त असते.

ही गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते, कारण समोर अन्न असेल तरच तिला काम. सुरुवातीला पोट फुगतं, गॅस होतो, कधी जुलाबही होतात. न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात, म्हणून. चारचौघांत लाज वाटते म्हणून अनेकजणी गुपचूप गोळी बंद करतात. तसं करू नका. डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, ते कमी मात्रेपासून सुरुवात करून हळूहळू वाढवू शकतात. आतड्याचा जुना आजार असेल तर तोही आधीच सांगा.

आपल्या आयुर्वेदातली सप्तरंगी ज्या सॅलेशिया कुळातली, त्यातल्या एका वनस्पतीतून जपानी संशोधकांनी 1997मध्ये सॅलॅसिनॉल वेगळं केलं. तेही हीच विकरं अडवतं. म्हणजे गोळीबरोबर असा काढा चालू असेल, तर तोही डॉक्टरांच्या कानावर घालायला हवा.

आज एवढंच करा. घरातल्या मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटं काढा आणि त्यावरची नावं वाचा. व्होग्लिबोज, अकार्बोज किंवा मिग्लिटॉल दिसलं, तर ग्लुकोज पावडरचा एक डबा साखरेच्या डब्याशेजारी आणि एक पुडी पर्समध्ये ठेवा. उपवास धरण्याआधी गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना विचारून घ्या. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण अडचणीच्या वेळी घरी तुम्हीच असाल असं थोडंच आहे?