केशोरीचा पत्ता

केशोरी कुठे, असे कोणी विचारले की मी पूर्वी जिल्हा सांगत असे: १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया, तालुका अर्जुनी मोरगाव. उत्तर बरोबर, पण अपुरे.

केशोरी मुळात झाडीपट्टीतले. दिवाळीनंतर या मुलखात मंडई भरू लागते आणि रात्रभर नाटके रंगतात. ती घेऊन येणाऱ्या मंडळींचे मोठे केंद्र वडसा. ते गडचिरोली जिल्ह्यात. झाडीबोली आणि रंगमंच जिल्ह्याची सीमा मानत नाहीत.

मंडईचा खर्च निघतो धानावर आणि धान उभे राहते साठवलेल्या पाण्यावर. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, बांध्यांलगतच्या बोड्या आणि अलीकडच्या काळातले गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण, ही या मुलखाची खरी वतने. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. पण गाळ काढायचा कोणी, हा प्रश्न मागे राहिला.

तलाव बुजला तर धान जाईल, आणि धानामागे नाटकही. म्हणून आता केशोरीचा पत्ता सांगताना मी सुरुवात पाण्यापासून करतो.