भद्रावतीची कळ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीची ओळख म्हणजे पार्श्वनाथाचे जैन मंदिर, विजासनची लेणी आणि भोवतालच्या कोळसा खाणी. हैदराबादच्या विद्युत सौधात बसून तेलंगणाचा वीजभार सांभाळणारे अभियंते मात्र हे गाव ओळखतात ते तिथल्या एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या एकदिश विजेच्या) उपकेंद्रामुळे. १९९७-९८च्या सुमारास सुरू झालेल्या या उपकेंद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. अलीकडे चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र, पलीकडे गोदावरीकाठचे रामागुंडम.

त्या काळी पश्चिम आणि दक्षिण भारताची वीजजाळी, म्हणजे ग्रीड, आपापल्या फ्रिक्वेन्सीवर चालत. अशा दोन ग्रीड साध्या तारेने जोडता येत नाहीत. भद्रावतीत चंद्रपूरकडची एसी वीज थायरिस्टरांतून डीसी होते आणि त्याच आवारात दक्षिणेच्या ठेक्यावरची एसी होऊन रामागुंडमच्या ४०० केव्ही लाइनवर चढते. मधे डीसीची लांब लाइन नाहीच. वीज उलटही नेता येते.

३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर ७६५ केव्ही लाइन सुरू झाली आणि सारा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. मग भद्रावतीचे काम संपायला हवे होते. माझ्या मते तिचे खरे मोल तिथून पुढे कळले.

एसी वीज करारात लिहिलेल्या वाटेने जात नाही. उपलब्ध सगळ्या वाटांवर ती अडथळ्याच्या व्यस्त प्रमाणात आपसूक वाटली जाते. त्यामुळे एक लाइन काठोकाठ भरते, तर शेजारची निम्मी रिकामी राहते. भरलेली लाइन अचानक तुटली तर तिचा भार बाकीच्यांना पेलला पाहिजे, म्हणून त्या एका लाइनपायी अख्ख्या मार्गावरची वीज रोखून धरावी लागते. ३० आणि ३१ जुलै २०१२ला उत्तर भारत अंधारात गेला, त्याची सुरुवात अशाच भाराने वाकलेल्या बिना–ग्वाल्हेर लाइनपासून झाली होती. दक्षिण वेगळी असल्याने बचावली; पण त्याच वेगळेपणामुळे, आयात करायला पुरेशा लाइन नसल्याने, वीजबाजारात तिचा दर वरचेवर इतरांपेक्षा चढा ठरत असे.

भद्रावतीत मात्र किती मेगावॉट जायचे ते माणूस ठरवतो. शेजारची एसी लाइन दाटली की इथला प्रवाह वाढवून तिचा भार उतरवता येतो.

तेलंगणात याच जातीचे दुसरे यंत्र कोत्तागुडेमच्या औष्णिक केंद्रात आहे: भेल कंपनीने बनवलेले ३१५ एमव्हीएचे फेज शिफ्टिंग रोहित्र, देशातले पहिले. दोन टोकांच्या व्होल्टेजमधला कोन थोडा पुढेमागे सरकवून ते ४०० आणि २२० केव्ही जाळ्यांमधला प्रवाह हवा तिकडे वळवते.

अशी यंत्रे महाग, म्हणून खरी परीक्षा जागा निवडण्याची. शंभर लाइनच्या जाळ्यात तीन यंत्रे बसवायची, तर जागांचे १,६१,७०० पर्याय निघतात. प्रत्येक पर्यायात यंत्र किती फिरवायचे हा हिशेब आणखी वेगळा. म्हणून आधी पाहतात की कुठल्या लाइनचा अडथळा जरासा बदलला तर कोंडलेल्या लाइनवर सर्वांत जास्त फरक पडतो, आणि उरलेल्या मोजक्या जागा संगणकावर पारखतात. गंमत अशी, की कोंडी एका ठिकाणी असते आणि तिचा उपाय पुष्कळदा दुसरीकडेच सापडतो. जिथे दुखते तिथेच यंत्र ठेवण्याचा मोह आवरणारा अभियंता मला मोठा वाटतो.

वर्ध्याहून निजामाबादमार्गे हैदराबादला ७६५ केव्ही लाइन आली तेव्हा कोंडी पुष्कळ सैलावली. नवी तार नेहमीच हवी. पण तिला जमीन, मोबदला, जंगलखात्याच्या परवानग्या लागतात, त्यात वर्षे जातात. उपकेंद्राच्या कुंपणाआत बसणारे यंत्र त्या मानाने लवकर उभे राहते.

आता जागेचा प्रश्नच हलता झाला आहे. दुपारी सौर वीज भरपूर, संध्याकाळी नाही. त्यात तेलंगणाच्या कालेश्वरम उपसा सिंचन योजनेतल्या लक्ष्मीपूरच्या भूमिगत पंपघरात प्रत्येकी १३९ मेगावॉटचे सात पंप आहेत. गोदावरीला पाणी असेल तेव्हाच ते चालतात, आणि सगळे एकदम सुरू केले तर ९७३ मेगावॉट ओढतात, म्हणजे भद्रावतीची जवळजवळ सगळी क्षमता. जाळ्याचा अभ्यास एप्रिलच्या दुपारची स्थिती धरून केला की ऑगस्टच्या रात्रीची, यावर यंत्राची जागा बदलू शकते.