एकदा मोजलेला आकडा

पावसाळ्यात कोल्हापूरकर भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती?" कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर हा बंधारा आहे. 39 फुटांना इशारा पातळी, 43 फुटांना धोका पातळी. बावड्यात मोजलेला हा आकडा जिल्हा प्रशासन घेतं, नदीकाठचा शेतकरी घेतो, शहरातला दुकानदार घेतो. ज्यानं त्यानं काठी घेऊन नदीवर जावं लागत नाही, कारण एका जागी नीट मोजलेल्या आकड्यावर सगळ्यांचा विश्वास असतो.

याच बावड्यात दर महिन्याला असाच आणखी एक आकडा हजारो घरांत पोहोचतो, तो म्हणजे पगार. लाईन बाजारचा पोलीस, न्यायसंकुलातला लिपिक, सेवा रुग्णालयातली परिचारिका, अनुदानित शाळेतला शिक्षक. यांची खाती वेगळी, साहेब वेगळे, नियमही थोडे वेगळे. तरी सगळ्यांच्या मोबाइलवर 'पगार जमा'चा एकसारखा मेसेज वाजतो. त्यामागे राज्य शासनाची 'सेवार्थ' आणि शाळांसाठीची 'शालार्थ' या वेतन प्रणाली उभ्या आहेत.

पूर्वी वेतन देयक हातानं लिहायचं. महागाई भत्ता वाढला की प्रत्येक नावापुढचा आकडा नव्यानं मांडायचा, आडव्या-उभ्या बेरजा जुळवायच्या आणि कोषागाराचा आक्षेप लागून देयक परत आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. एकाच माणसाचं नाव सेवापुस्तकात, देयकात, भविष्य निर्वाह निधीच्या यादीत आणि बँकेच्या यादीत वेगवेगळ्या हातांनी लिहिलं जाई. एका जागी काना-मात्रा चुकली की निवृत्तीच्या वेळी त्या माणसाला हेलपाटे पडत.

सेवार्थनं हे लिहिणं एका जागी आणलं. महिनाअखेरीस कार्यालयातला सहायक आपल्या लॉगिननं त्या महिन्याचे बदल भरतो: कुणाची वेतनवाढ, कुणाची बिनपगारी रजा, कुणाचा नवा कर्जहप्ता. त्यातून 'चेंज स्टेटमेंट' निघतं. आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कचेरीच्या भाषेत डीडीओ, ते तपासून मंजूर करतो. मग नमुना 44 मधलं देयक तयार होतं आणि 'बीम्स'कडे फॉरवर्ड होतं. बीम्स ही अनुदान वाटपाची प्रणाली. देयकाच्या लेखाशीर्षाखाली पैसे शिल्लक आहेत का, हे ती बघते आणि असतील तरच प्राधिकार क्रमांक देते. तो क्रमांक घेऊन देयक कोषागारात जातं आणि तिथून रक्कम बँकेत जाते. माणूस निवृत्त झाला की कोषागारातलं त्याचं प्रकरण 'निवृत्तिवेतनवाहिनी' सांभाळते.

या साऱ्या प्रणाली एका दिवसात, एका हातानं बांधलेल्या नाहीत. प्रत्येकीचं काम वेगळं आणि मांडणीही वेगळी. त्यांनी एकमेकींशी बोलायचं तर भाषा ठरवावी लागते. वेबनं ही सोय जगभर करून दिली. 1998 मध्ये एक्सएमएल ही माहिती मांडण्याची पद्धत प्रमाण म्हणून मान्य झाली आणि पुढच्याच वर्षी मनुष्यबळाच्या नोंदींपुरती समान भाषा ठरवण्यासाठी एचआर-एक्सएमएल हा उद्योगसमूहांचा संघ उभा राहिला. कल्पना आपल्या मनिऑर्डरच्या फॉर्मची आहे. पैसे बावड्यातून पाठवा नाहीतर गडचिरोलीतून, नाव कुठं, रक्कम कुठं, पत्ता कुठं याचे रकाने छापलेले असत, म्हणून पलीकडचा पोस्टमन न अडखळता ते वाचू शके. वेब सर्व्हिस म्हणजे दोन संगणकांमधला असाच ठरलेला फॉर्म.

पण फॉर्म सारखा असून भागत नाही, माणूसही तोच आहे हे पटावं लागतं. एकाच नावाची दोन माणसं जिल्ह्यात सहज सापडतात. म्हणून प्रत्येकाला ओळख क्रमांक असतो. सेवार्थ किंवा शालार्थ आयडी नीट वाचून पाहा. सुरुवातीला खात्याची खूण, मग नावाची तीन आद्याक्षरं, पुरुष की स्त्री हे सांगणारं एक अक्षर, जन्मवर्षाचे शेवटचे दोन अंक आणि शेवटी अनुक्रमांक. कार्यालयाला दहा अंकी डीडीओ कोड. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन खात्याला 'प्रान' क्रमांक. हे क्रमांक म्हणजे दोन प्रणालींना जोडणाऱ्या बिजागऱ्या.

बदलीचं उदाहरण घ्या. बावड्यातल्या कार्यालयातून एखादा लिपिक तालुक्यातल्या खेड्यात गेला. पूर्वी अंतिम वेतन प्रमाणपत्राचा कागद येईपर्यंत नव्या ठिकाणी पगार अडायचा. आता जुन्या कार्यालयानं त्याला प्रणालीतून 'डिटॅच' करायचं आणि नव्या कार्यालयानं 'अटॅच' करायचं. आयडी तोच राहतो. कोल्हापूर शहर घरभाडे भत्त्याच्या वाय वर्गात आहे आणि खेडं झेड वर्गात, त्यामुळे भत्त्याचा दर निम्म्यावर येतो. मात्र जुन्या डीडीओनं वेळेवर डिटॅच केलं नाही, तर सगळी यंत्रणा जागेवर असूनही पगार थांबतो.

जोडणीची ताकद आणि जोखीम दोन्ही शालार्थनं दाखवली आहेत. 2018 च्या जानेवारीत ही प्रणाली तांत्रिक बिघाडानं बंद पडली आणि राज्यभरच्या शिक्षकांचे पगार कित्येक महिने ऑफलाइन काढावे लागले. ज्यांचे गृहकर्जाचे आणि सोसायटीचे हप्ते पगाराच्या तारखेवर बेतलेले होते, त्यांना विचारा. जिथं सगळं एका प्रणालीवर येतं, तिथं पर्यायी व्यवस्था आधीपासून तयार ठेवणं हे कर्तव्यच ठरतं. 2025 मध्ये नागपूर विभागातलं बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीस आलं. अपात्र माणसांना आयडी मिळाले आणि त्यांच्या नावे सरकारी तिजोरीतून पगार निघाले. इथं यंत्र बिघडलं नव्हतं. खोटी नोंद आत शिरली आणि खऱ्या नोंदीइतक्याच शिस्तीनं पुढं गेली.

पहिली नोंद करणाऱ्या हाताची जबाबदारी या जोडणीनं कित्येक पटींनी वाढवली आहे. पूर्वी लिपिकाची चूक चार टेबलांवर चार जणांच्या नजरेखालून जाई, कुणीतरी धरी. आज पुढची प्रणाली मागच्या प्रणालीवर विश्वास ठेवते. म्हणून सहायक आणि डीडीओ ही दोन लॉगिन दोन वेगळ्या माणसांच्या हातात आणि दोन जागरूक नजरांखाली राहिली पाहिजेत. 'साहेबांचा पासवर्ड माझ्याकडेच असतो' हे वाक्य कचेऱ्यांतून हद्दपार व्हायला हवं. अशा प्रणालींवर जेवढा खर्च होतो, त्याच्या जोडीनं त्या चालवणाऱ्या लिपिकाच्या प्रशिक्षणावरही व्हायला हवा. बंधाऱ्यावरची फूटपट्टी कितीही चांगली असली, तरी ती वाचणारा माणूस भर पावसात जागा असावा लागतो.

आणि आपण, ज्यांचा पगार या वाटेनं येतो, त्यांनीही एवढं करावं. या महिन्यात प्रणालीतली आपली माहिती पाहा. जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, बँक खातं आणि वारसाचं नाव या चार नोंदी मूळ कागदपत्रांशी ताडून पाहा. चूक दिसली तर आजच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. निवृत्तीच्या आदल्या वर्षी ती दुरुस्त करायला फार उशीर झालेला असतो.