वजन उतरल्यानंतरची सैल त्वचा : उपचारांचा योग्य क्रम

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील औषध कंपनी स्थापन झाली, तेव्हा संसर्गजन्य रोग हा देशाच्या आरोग्यापुढील मोठा प्रश्न होता. पुढे पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात वाहनांचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. शेतीत राबणारी अनेक कुटुंबे पाळीच्या कामाला लागली. जीवनमान बदलले, तसे आरोग्याचे प्रश्नही बदलले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले. अवेळी जेवण, अपुरी झोप आणि बैठे काम ही त्यामागील काही कारणे होत.

या प्रश्नावर आता नवी औषधे उपलब्ध झाली आहेत. मार्च २०२५ मध्ये तिर्झेपॅटाइड आणि त्याच वर्षी जूनमध्ये वजन कमी करण्यासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात विक्रीस आले. आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या या इंजेक्शनांमुळे भूक मंदावते आणि जठरातील अन्न पुढे सरकण्यास वेळ लागतो. आहार व व्यायामाची जोड देऊन घेण्यात आलेल्या प्रमुख चाचण्यांत, सुमारे सव्वा ते दीड वर्षात, सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के आणि तिर्झेपॅटाइडच्या मोठ्या मात्रेने सुमारे २१ टक्के वजन घटले. शंभर किलो वजनाच्या व्यक्तीचे पंधरा-वीस किलो वजन उतरणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र चरबी गेली तरी तिच्यावरचे आवरण तेवढ्याच प्रमाणात आटतेच असे नाही. पोट, दंड, मांड्या, छाती आणि मान येथील कातडी लोंबू लागते. या सैल त्वचेचे काय करावे, हा प्रश्न म्हणूनच पुढे आला आहे.

त्वचा सैल का राहते ?

त्वचेला बळकटी देणारे कोलॅजन आणि तिला ताणानंतर पूर्ववत करणारे इलॅस्टिन असे दोन प्रकारचे तंतू तिच्या आतील थरात असतात. अनेक वर्षे ताण पडल्याने हे तंतू विस्कळीत होतात व तुटतात. वाढते वय, धूम्रपान, उन्हातील काम आणि स्त्रियांच्या बाबतीत वारंवार झालेली बाळंतपणे यांमुळे त्वचेची आकसण्याची शक्ती आणखी घटते. थोडे वजन उतरलेल्या तरुण व्यक्तीची त्वचा काही महिन्यांत बरीच सावरते. व्यायामाने स्नायू भरतात व शरीर बांधेसूद दिसते, पण लोंबणारी कातडी व्यायामाने नाहीशी होत नाही. मलमे आणि तेले यांनीही ती आखडत नाही. उष्णता देणाऱ्या यंत्रांचा उपयोग झालाच, तर तो सौम्य सैलपणापुरता असतो.

शोभेचा प्रश्न की आरोग्याचा ?

सैल त्वचा ही प्रत्येक वेळी शोभेचीच बाब असते असे नाही. भट्टीजवळ किंवा जाड गणवेशात आठ तास उभ्याने काम करणाऱ्या कामगाराच्या पोटाच्या घडीत घाम साचतो. तेथील त्वचा घासली जाऊन चिघळते, बुरशीचा संसर्ग होतो आणि दुर्गंधी येते. चालताना मांड्या सोलवटतात. लाजेमुळे हे दुखणे अंगावर काढले जाते. सुरुवातीचा उपाय साधा आहे. घडी दररोज धुऊन कोरडी ठेवावी, सुती कपडे वापरावेत आणि त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेले औषध पूर्ण घ्यावे. कामगार राज्य विम्याचे चिंचवडमधील रुग्णालय, महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा पुण्याचे ससून सर्वोपचार रुग्णालय येथे अशा तक्रारींची तपासणी करून घेता येते. एवढे करूनही संसर्ग पुनःपुन्हा होत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार रास्त ठरतो.

शस्त्रक्रियेचे प्रकार

प्लास्टिक सर्जरी म्हणजे शरीरात प्लास्टिक बसविणे, असा समज अद्याप आढळतो. वस्तुतः हा शब्द ‘आकार देणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. या शास्त्राच्या इतिहासात पुण्यालाही स्थान आहे. १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला, पुण्याजवळच्या एका विटा घडविणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक करून दिले. हा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे पाश्चात्त्य शल्यविशारदांनी ही पद्धत उचलली.

सैल त्वचेसाठी आज मुख्यतः पुढील शस्त्रक्रिया केल्या जातात. पॅनिक्युलेक्टोमीत पोटाखाली लोंबणारी कातडी व चरबी काढून टाकतात. संसर्ग व चालण्याचा त्रास दूर करणे हा तिचा हेतू असतो. ॲब्डोमिनोप्लास्टीत त्याबरोबरच पोटाचे ढिले पडलेले स्नायू शिवून घट्ट केले जातात व बेंबी नव्या जागी बसवितात. कंबरेभोवती सर्वत्र त्वचा सैल असल्यास पट्ट्याप्रमाणे गोलाकार छेद घ्यावा लागतो. दंड, मांड्या, स्तन, चेहरा व मान यांसाठी स्वतंत्र शस्त्रक्रिया आहेत. केवळ चरबी शोषून घेण्याच्या लायपोसक्शनने जादा कातडी जात नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

या शस्त्रक्रियांचे व्रण कायमचे राहतात. जखमेखाली द्रव साचणे, टाके उसवणे, जंतुसंसर्ग, कातडीचा काही भाग मरणे आणि क्वचित पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे, हे धोके आहेत. बैठे काम साधारणतः दोन ते तीन आठवड्यांनी सुरू करता येते. ओझे उचलण्याच्या कामाला मात्र सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. कामगाराने रजेचा हिशेब आधीच करणे इष्ट होय.

आधी काय, नंतर काय ?

पहिली अट वजन स्थिर होण्याची आहे. निदान सहा महिने वजनात विशेष चढउतार नसावा. वजन उतरत असतानाच शस्त्रक्रिया केली, तर त्वचा पुन्हा सैल होते. औषध थांबविल्यास वजन परत वाढण्याचा संभवही मोठा असतो. सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीत, औषध बंद केल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत वाढले. म्हणून औषध पुढे चालू ठेवावयाचे की कसे, हे डॉक्टरांशी आधी ठरवावे.

दुसरी अट पोषणाची आहे. भूक मंदावल्याने प्रथिने, लोह व जीवनसत्त्वे कमी पडतात आणि जखम भरण्यास विलंब लागतो. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी यांचा आहारात समावेश करून रक्ततपासणी करून घ्यावी. धूम्रपान किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद करावे. इंजेक्शन सुरू असल्यास ते भूलतज्ज्ञांना सांगणे अत्यावश्यक आहे. कारण जठरात अन्न शिल्लक राहिल्यास भूल दिल्यावर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. औषध केव्हा थांबवावे, हे तेच ठरवितात.

खर्च व खबरदारी

केवळ रूप सुधारण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. तथापि तात्काळ व प्रत्यक्ष आरोग्यधोका टाळण्यासाठी ती आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केल्यास विमा पॉलिसींच्या प्रमाणित अटींत अपवाद ठेवलेला आहे. त्यासाठी संसर्गावरील उपचारांचे केसपेपर व चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात आणि विमा कंपनीची मंजुरी आधीच घ्यावी.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा समकक्ष पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी असावी. सौंदर्य प्रसाधनगृह हे शस्त्रक्रियेचे ठिकाण नव्हे. भूलतज्ज्ञ आणि रात्री देखरेखीची सोय नाही, अशा जागी हप्त्यांच्या सवलतीला भुलून जाणे जिवावर बेतू शकते.

ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि कार्यालयप्रमुख यांच्याकडे लोक विश्वासाने सल्ला मागतात. इंजेक्शन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, दुखणे लपवू नये, वजन स्थिर होईपर्यंत थांबावे आणि मगच पात्र तज्ज्ञाकडे जावे, एवढे त्यांनी समजावून सांगितले तरी पुष्कळ काम होईल. वजन उतरविण्यासाठी ज्याने वर्षभर कष्ट घेतले, त्याच्या शरीराची कोणी चेष्टा करणार नाही, एवढी काळजी घेणे हेही आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.