संपादकीय दायित्व आणि डिजिटल प्रसारण

वृत्तव्यवसायाच्या ध्येयांचा विचार करताना सत्यनिष्ठा व निःपक्षपात यांचा उल्लेख प्रथम होतो. परंतु या दोहोंना आधारभूत असे तिसरेही एक तत्त्व आहे. काय प्रसिद्ध करावे हे जो ठरवितो, त्यानेच त्याचे उत्तरही द्यावे, हे ते तत्त्व होय. डिजिटल तंत्रज्ञानामुळे या तत्त्वाची स्थिती कशी पालटली, हे एकाच छायाचित्राच्या दोन प्रसंगांवरून ध्यानात येते.

८ जून १९७२ रोजी दक्षिण व्हिएतनाममधील त्रांग बांग येथे नापाम बाँबने होरपळलेली नऊ वर्षांची विवस्त्र बालिका रस्त्यावरून धावत असल्याचे छायाचित्र असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या सायगाव कचेरीत आले. अशी विवस्त्र छायाचित्रे प्रसृत न करण्याचा संस्थेचा दंडक होता व त्यानुसार ते प्रथम नाकारलेही गेले. तथापि छायाचित्र-संपादक होर्स्ट फास यांनी आग्रह धरला, न्यूयॉर्क कार्यालयाने अपवाद मान्य केला आणि ते जगभर प्रसिद्ध झाले. दंडक मोडला गेला, परंतु तो मोडणारे कोण व कशासाठी, हे सर्वांस ज्ञात होते.

२०१६ साली नॉर्वेचे लेखक टॉम एगेलांड यांनी हेच छायाचित्र फेसबुकवर दिले असता नग्नतेच्या नियमान्वये ते काढून टाकण्यात आले. या घटनेचे वृत्त देताना ‘आफ्तेनपोस्तेन’ या दैनिकाने तेथे ते पुन्हा दिले. तेही काढले गेले. तेव्हा मुख्य संपादक एस्पेन एगिल हान्सेन यांनी मार्क झुकेरबर्ग यांस उद्देशून अनावृत पत्र प्रसिद्ध केले. पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी दिलेले छायाचित्रही हटविल्यावर वाद चिघळला आणि ९ सप्टेंबर रोजी फेसबुकने माघार घेतली.

फेसबुकची अडचण खोटी नव्हती. बालकांच्या विवस्त्र चित्रांना प्रतिबंध हवाच, आणि अगणित चित्रांतून इतिहासाचा पुरावा वेगळा काढणे सोपे नाही. दैनिकाच्या छापील पृष्ठावरील संपादकाचा अधिकारही अबाधितच होता. परंतु वाचक ज्या मार्गाने वृत्ताकडे येतो, तो मार्ग दुसऱ्याच्या हाती गेला होता. नॉर्वेत १९५३ पासून संपादकाचे अधिकार व कर्तव्ये एका लिखित संहितेत नमूद आहेत आणि मजकुराचे संपूर्ण दायित्व तिने व्यक्तिशः संपादकावर ठेवले आहे. फेसबुकवर मात्र दायित्व संपादकाकडे राहिले व अंतिम निर्णय अन्यत्र गेला. २०२० मध्ये फेसबुकच्या निर्णयांची तपासणी करणारे मंडळ कार्यान्वित झाले व ते आपल्या निर्णयांची कारणे प्रसिद्ध करते. तथापि निवडक प्रकरणांपलीकडे त्याची पोच नाही.

तात्पर्य, नियमांची कठोरता हे व्यवसायधर्माचे लक्षण नव्हे. नियम केव्हा पाळावा व केव्हा बाजूस सारावा हे विवेकाने ठरवून त्याचा जाब देण्यास उभी राहणारी व्यक्ती हे त्याचे लक्षण होय. अशा व्यक्तीचे स्थान डिजिटल व्यवस्थेत कोठे असावे, हाच वृत्तविद्येपुढील खरा प्रश्न आहे.