अंकांच्या जागा

एखाद्या कुटुंबातील माणसे पंगतीला कोणत्याही क्रमाने बसली, तरी कुटुंब तेच राहते. अंकांचे मात्र तसे नाही. १ आणि २ हे दोनच अंक घ्या. १ आधी लिहिला तर बारा होतात आणि २ आधी लिहिला तर एकवीस. अंक तेच, परंतु जागा बदलताच संख्या निराळी झाली.

मुंबईतील परळ भागात जावयाच्या पत्रावर पूर्वी ‘मुंबई १२’ असे लिहीत असत. आता त्या जागी ४०००१२ हा सहा अंकी पिनकोड लिहितात. आपल्या देशात एकाच नावाची गावे पुष्कळ आहेत. पत्ते निरनिराळ्या भाषांत व लिप्यांत लिहिले जातात, आणि सर्वांचेच अक्षर काही सुवाच्य नसते. त्यामुळे पत्रांची वर्गवारी करताना मोठी अडचण होई. ती दूर करण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोडची पद्धत सुरू झाली. या पद्धतीचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी होते. संस्कृत भाषेतील कवी म्हणूनही त्यांची ख्याती होती.

या क्रमांकातील प्रत्येक स्थानाला अर्थ आहे. पहिल्या अंकावरून देशाचा विभाग समजतो. ४०० हे पहिले तीन अंक मुंबई दर्शवितात, आणि शेवटचे तीन अंक पत्र कोणत्या टपाल कार्यालयाकडे द्यावयाचे ते सांगतात. परळचे जुने १२ नव्या क्रमांकाच्या शेवटी अजूनही उभे आहेत!

आता या सहा अंकांची अदलाबदल करून किती निरनिराळे क्रमांक होतील, ते मोजू. प्रथम ४ हा अंक आरंभी कायम ठेवू. उरले पाच अंक : १, २ आणि तीन शून्ये. जागाही पाचच. १ ला या पाचांपैकी कोणतीही जागा देता येईल. तो बसला म्हणजे २ साठी चार जागा राहतील. १ च्या प्रत्येक जागेबरोबर २ च्या चार जागा शक्य आहेत; म्हणून ५ × ४ = २० प्रकार झाले. राहिलेल्या तीन जागी शून्ये बसतील. ती एकसारखीच असल्यामुळे त्यांची आपसांत अदलाबदल केली तरी नवा क्रमांक होणार नाही. आरंभी ४ ऐवजी १ ठेवला, तर असेच २० क्रमांक होतील. २ ठेवला तरी २०. आपल्या देशातील पिनकोड शून्याने सुरू होत नसल्यामुळे आरंभी शून्य ठेवण्याचे कारण नाही. एकूण क्रमांक झाले ६०.

हे गणित आपल्याकडे फार जुने आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा जन्म १११४ मध्ये झाला. त्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथाच्या अखेरीस ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. त्यात त्यांनी ४, ८, ५, ५, ५ या अंकांच्या किती संख्या होतील, असा प्रश्न घातला आहे. येथेही पाच अंक असून त्यांतील तीन सारखे आहेत. म्हणून उत्तर तेच, २०! त्यांनी आणखी एक मनोरंजक प्रश्न विचारला आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा व पद्म ही असतात. हातांतील वस्तूंची अदलाबदल केल्यास मूर्तींचे प्रकार किती? पहिल्या वस्तूला चार हात, दुसरीला तीन, तिसरीला दोन आणि चौथीला उरलेला एक; म्हणजे ४ × ३ × २ × १ = २४. शंकराच्या दहा हातांतील दहा वस्तूंविषयीही असाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर ३६,२८,८०० येते! हात चारांचे दहा झाले, तर प्रकार चोविसावरून छत्तीस लक्षांपलीकडे गेले. चाळीसगावाजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून असे दिसते की, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केला होता.

मात्र क्रम सर्वत्र महत्त्वाचा नसतो. पाच मुलांतून एक नायक व एक उपनायक नेमावयाचा असेल, तर वर पाहिल्याप्रमाणे २० प्रकार होतात. परंतु फळा पुसण्यासाठी नुसती दोन मुले निवडावयाची असतील, तर १० च प्रकार होतात; कारण ‘राम आणि गोविंद’ व ‘गोविंद आणि राम’ ही जोडी एकच होय. पहिल्या प्रश्नात मांडणी आहे, दुसऱ्यात केवळ निवड आहे. मोजण्यापूर्वी हा भेद ओळखावा.

पिनकोडमध्ये मात्र मांडणीच सर्व काही आहे. ४०० हे अंक कायम ठेवून उरलेल्या ०, १, २ यांच्या सहा मांडण्या होतात. त्यांपैकी ०१२ म्हणजे परळ. ०२१ लिहिले तर तो क्रमांक नरीमन पॉइंटचा होतो, आणि १०२ लिहिले तर जोगेश्वरी पश्चिमेचा. परळमध्ये १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय आहे, तसेच १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालयही आहे. दूरदूरच्या गावांहून रुग्ण तेथे येतात. अशा रुग्णासाठी घरच्यांनी काळजीने पाठविलेले पत्र दोन अंकांच्या अदलाबदलीमुळे भलत्याच वाटेला लागू शकेल. वाट चुकलेले पत्र कदाचित मुक्कामी पोहोचेलही, पण त्याची वाट पाहणाऱ्याचे दिवस मात्र परत येत नाहीत.

मुलांनो, आता आपल्या गावाचा पिनकोड लिहून पाहा. त्याच्या अंकांची अदलाबदल केल्यास किती क्रमांक होतील? ते सर्व मोजा. मग ध्यानात येईल की, इतक्या क्रमांकांतून आपल्या गावाचा क्रमांक एकच आहे.